पासंगाचं भोक आणि एक सूत: गॅरेजमध्ये बोलिंग बॉल ड्रिल केला, त्याच्या नोंदी

१४ जून २०२०, रविवार

आधी खुलासा. हे बोलिंग क्रिकेटचं नाही. साठ फुटी लेन, तिच्यावर तेल, पलीकडे दहा पिना, आणि तीन बोटांत अडकवून सोडायचा पंधरा पौंडी गोळा. आईला फोनवर किती वर्षं सांगतोय, ती अजून विचारते, "बॅटिंग कधी देतात रे तुला?"

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाजूला. गुरुवारची लीग मार्चच्या मध्यात बंद पडली, अजून बंदच आहे. बॉल ड्रिल करून देणारं दुकान बोलिंगच्या अ‍ॅलीच्या आतच, म्हणजे तेही बंद. घरात दोन बॉल अडकून पडलेत. एक जुना, २०१५ साली ड्रिल केलेला, त्याला बोटांच्या तीन भोकांशिवाय चौथं एक भोक आहे. दुसरा फेब्रुवारीत घेतलेला, अजून खोक्यातच, त्याला एकही भोक नाही.

चौथं भोक बॅलन्सचं. त्यात बोट घालायचं नसतं. कोल्हापूरच्या मंडईत हलक्या पारड्याखाली पासंग बांधलेला आपण सगळ्यांनीच पाहिलाय. इथे तोच हिशोब उलटा: हलक्या बाजूला वजन लावण्याऐवजी जड बाजूतून माल काढून टाकायचा. अमेरिकेतली बोलिंगची संघटना यूएसबीसी, तिने २०१८ मध्येच जाहीर केलं होतं की १ ऑगस्ट २०२० पासून हे पासंगाचं भोक चालणार नाही. त्याच्या बदल्यात वजनाची सूट वाढवली. दहा पौंडांहून जड बॉलला आत्तापर्यंत वर-खालचा फरक तीन औंस आणि उजवी-डावी, बोटं-अंगठा या दोन्हींचा एकेक औंस चालायचा. आता तिन्हीकडे तीन-तीन औंस.

म्हणजे कामं दोन. जुन्याचं भोक बुजवायचं, नव्याला भोकं पाडायची, आणि दोन्ही काट्यावर कायदेशीर ठरवायचे. गॅरेजमध्ये बारा इंची ड्रिल मशीन आहे. बाबांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं, शाळेच्या सुट्ट्या मी तिथे बोअर मोजण्यात घालवल्या. तेव्हा भोक पाडायची भीती नाही. हा आत्मविश्वास पुढे किती महाग पडला ते खाली येईलच.

२० जून

दिवस काट्यात गेला. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला, त्यावर वाटी, वाटीत बॉल. एकूण वजन आलं, पुढे काहीच नाही. बॉल कसाही फिरवा, एकूण वजन तेवढंच राहणार, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. मला दोन तास लागले.

मग दांड्याचा काटा करायला घेतला. लाकडी पट्टी, मधे सुरी, एका टोकाला बॉल, दुसऱ्या टोकाला पाण्याची बाटली. पंधरा पौंडांत पाव औंस ओळखायचा म्हणजे जवळपास हजारात एक. माझा दांडा गॅरेजचा दरवाजा उघडल्याच्या वाऱ्याने हलत होता. सोडला.

शेवटी दुकानदाराला फोन केला. म्हातारा माणूस, आयुष्य बॉलला भोकं पाडण्यात गेलं. म्हणाला, "माझा डोडो घेऊन जा, इथे धूळच खातोय." डोडो म्हणजे याच कामासाठी केलेला काटा. पक्षी नामशेष झाला, काटा आहे. त्याने तो दाराबाहेर पायरीवर ठेवला, मी मास्क लावून उचलला, काचेतून हात हलवला.

वापर सोपा आहे. बॉल काट्याच्या वाटीत, उजवी बाजू एका टोकाकडे. काटा समतोल करायचा. मग बॉल वाटीतच १८० अंश फिरवायचा. आता काटा जेवढा कलेल तेवढा दोन्ही बाजूंतला फरक. तेच पुढे बोटं-अंगठ्यासाठी आणि वर-खालसाठी.

जुन्या बॉलचं माप, चौथ्या भोकासकट: उजवीकडे अर्धा औंस जास्त, बोटांकडे पाव औंस. जुन्या नियमात चोख बसवलेला. ज्याने केला त्याने चांगला केला होता.

२७ जून

जिग, म्हणजे बॉल घट्ट धरणारी पेटी. बॉल गोल आणि गुळगुळीत, ड्रिलखाली हातात धरायचा विचारही करू नका. १८ मिलिमीटर प्लायवुडची पेटी केली, आत चार तिरके ठोकळे, वरून दोन रॅचेटचे पट्टे. पेटी टेबलावर दोन्ही दिशांना सरकते, मोजपट्टी लावली आहे.

सरकायला का हवी, ते सांगतो. भोक थेट बॉलच्या केंद्राकडे गेलं तर पिच शून्य. अंगठ्याचं भोक तळव्याखाली शिरेल असं कललं तर फॉरवर्ड, उलट बाजूला कललं तर रिव्हर्स. हा कल अंशात मोजत नाहीत. भोकाचा अक्ष केंद्रापासून किती इंच बाजूने जातो ते मोजतात. म्हणून मशीन तिरकं करायचं नाही. स्पिंडल सरळ उभं, बॉलचं केंद्र त्याच्या रेषेतून तेवढं बाजूला सरकवायचं, आणि मग बॉल फिरवून भोकाची खूण स्पिंडलखाली आणायची.

सरावासाठी तळघरात एक निळा प्लास्टिकचा बॉल होता, कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून पाच डॉलरला आणलेला. त्याच्या कोऱ्या बाजूवर अंगठा पाडला. माझा पिच दोन सूत रिव्हर्स. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबांच्याकडे सगळं सुतातच चालायचं आणि बोलिंगवाल्यांची मापंही आठव्यात आणि सोळाव्यात असतात, त्यामुळे मी घरी आल्यासारखा खूश.) भोक पाडलं, अंगठा घातला आणि अडकला. दोन सूत फॉरवर्ड झालं होतं. पेटी सरकवली बरोबर दिशेला, पण बॉल फिरवून खूण परत स्पिंडलखाली आणताना बोटांची बाजू माझ्याकडे आणली. डोक्यात ती पलीकडे होती.

उपाय: पेटीवर मार्करने मोठा बाण काढला, "बोटं इकडे". पाच डॉलरच्या बॉलवर चुकलं म्हणून बरं. ज्याला हे करायचंय त्याने आधी भंगार बॉलवर तिन्ही भोकं पाडावीत. मी एकच पाडलं. बोटांची दोन पाडली असती तर पुढचा घोळ झाला नसता.

मशीनचा वेग: १५०० फेऱ्यांवर सुरू केलं तर प्लास्टिक वितळून बिटच्या खाचांत बसलं. पट्टा बदलून ६०० च्या खाली आणला, आणि अर्धा-अर्धा इंच जाऊन बिट बाहेर काढत राहिलो. मग चुरा कोरडा पडायला लागला.

४ जुलै, शनिवार

बाहेर फटाके, आत रेझिन. जुन्या बॉलचं चौथं भोक एक इंच रुंद, अडीच इंच खोल. आत पाच वर्षांचं लेनचं तेल मुरलेलं. अ‍ॅसिटोनने पुसलं, हेअर ड्रायरने गरम केलं, परत पुसलं. भोकाभोवती टेपची भिंत उभी केली, म्हणजे रेझिन जरा वर भरता येतं.

दोन भागांचं रेझिन. प्रमाण डब्यावर लिहिलेलं होतं, मी अंदाजपंचे ओतलं. शिवाय "एकदाच काय ते" म्हणून गरजेच्या दुप्पट, एकाच पेल्यात. जुलैची दुपार, गॅरेज तापलेलं. रेझिन घट्ट होताना स्वतः गरम होतं, आणि जितका मोठा गोळा तितकी उष्णता जास्त. भोकात निम्मं ओतेपर्यंत पेला हातात मऊ पडला, बुडाला भोक पडलं आणि उरलेलं माझ्या बुटावर. बूट गेले.

संध्याकाळी पाहिलं तर भोकातलं रेझिन मधोमध तडकलेलं, कडेला बुडबुड्यांची माळ.

५ जुलै

तडकलेलं सगळं एक इंची बिटने परत बाहेर काढलं. हे सरळ जाईल असं वाटलं होतं, पण बिट रेझिनमधून निसटून बॉलच्या मूळ मालात शिरायला बघतं, कारण एक कडक, एक त्याहून मऊ. हळू, अगदी हळू. तास गेला.

या वेळी स्वयंपाकघरातला काटा कामाला आला. प्रमाण वजनाने, ग्रॅममध्ये. ४० ग्रॅमच्या आसपास माल लागतो, तो दोन खेपांत ओतला. पहिली खेप दीड इंचापर्यंत, ती कोमट होऊन घट्ट झाल्यावर दुसरी. बुडबुडे सुईने फोडले. गॅरेज बंद ठेवलं नाही, पंखा चालू.

काट्याला रेझिनचा एक थेंब चिकटला तो आजतागायत निघाला नाही. बायकोने तो काटा गॅरेजला देऊन टाकला आणि स्वतःसाठी नवा मागवला. खर्चात धरला आहे.

११ जुलै

चोवीस तास पुरेत म्हणतात, मी सहा दिवस थांबलो. वर आलेलं रेझिन आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने बॉलच्या गोलाईत मिळवलं. बोट फिरवलं की सांधा लागत नाही. रंग जुळत नाही. निळ्या-काळ्या बॉलवर पिवळट टिकली दिसते. दिसू दे.

डोडोवर: उजवीकडे १ ५/८ औंस, बोटांकडे पाव औंस. भोक होतं तेव्हा अर्धा होता, म्हणजे बुजवल्याने सव्वा औंसाला थोडा कमी फरक पडला. चाळीस ग्रॅम म्हणजे जेमतेम दीड औंस, आणि भोक अगदी बाजूला होतं, तेव्हा हिशोब जुळतो. जुन्या नियमात हा बॉल आता बेकायदा असता, एक ऑगस्टपासून तीनच्या आत बिनधास्त. नियम बदलायला तीन आठवडे आहेत. तोवर कुठे टाकणारही नाही, कारण टाकायला जागाच उघडी नाही.

१२ जुलै

नव्या बॉलचं मार्किंग. हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा लांबतो.

बॉल स्टॉर्म कंपनीचा आहे. खोक्यावर लिहिलेलं: पंधरा पौंड, पिन अडीच इंच, वरचं वजन पावणेतीन औंस. पिन म्हणजे आतल्या गाभ्याचं टोक कुठे आहे ते दाखवणारा रंगीत ठिपका. दुसरी खूण गुरुत्वमध्याची. दोन्हींमध्ये अडीच इंच. गाभा सममित आहे, त्यामुळे तिसरी खूण नाही.

तुमचा स्वतःचा आकडा लागतो तो अक्षबिंदूचा: बॉल हातातून सुटताना ज्या बिंदूभोवती फिरतो तो, पकडीच्या मध्यापासून मोजलेला. सगळे त्याला पीएपी म्हणतात. दुकानातल्या कार्डावर माझा लिहिलेला होता: पाच इंच एक सूत उजवीकडे, तीन सूत वर. २०१५ पासून हात बदलला असेल म्हणून पडताळायचं ठरवलं. बॉल लेनवर फिरतो तेव्हा अंगावर तेलाच्या रेघा उठतात, पहिल्या रेघेवरून हा बिंदू काढता येतो. जुन्या बॉलवर मार्चमधल्या शेवटच्या गुरुवारच्या रेघा होत्या. होत्या म्हणजे, त्या मीच ४ जुलैला अ‍ॅसिटोनने पुसल्या.

मग स्पेअरच्या, म्हणजे पहिल्या फेकीत उरलेल्या पिना पाडायच्या, प्लास्टिक बॉलवरची रेघ पाहिली. पावणेपाच इंच आले. तीन सुतांचा फरक. थोडा वेळ त्याच आकड्यावर मार्किंग करणार होतो. मग लक्षात आलं, स्पेअरचा बॉल मी मनगट सपाट ठेवून सरळ टाकतो, तिथे अक्ष वेगळाच असणार. कार्डावर विश्वास ठेवला.

लेआउट, म्हणजे भोकं कुठे पाडायची त्याची आखणी, मी दुहेरी कोनाच्या पद्धतीने केला. ही बॉलचे गाभे रचणारे मो पिनेल यांची, इथले सगळे ड्रिलर हीच बोलतात. तीन आकडे: पहिला कोन, पिन ते अक्षबिंदू अंतर, दुसरा कोन. माझे ४५, साडेचार इंच, ४५. बॉलचा परीघ सत्तावीस इंच, त्याचा पाव पावणेसात, आणि त्याचा निम्मा तीन इंच तीन सूत. पिन अक्षबिंदूपासून तेवढ्यावर ठेवली तर बॉल सगळ्यात जास्त फ्लेअर करतो, म्हणजे तेलाच्या रेघा सगळ्यात जास्त पसरतात. मला एवढा नको होता, म्हणून साडेचार.

कृती अशी. पिनपासून गुरुत्वमध्याकडे रेघ. तिच्याशी पिनवर ४५ अंशांचा कोन, त्या दिशेने साडेचार इंचांवर अक्षबिंदूची खूण. तिथून ४५ अंशांवर उभा अक्ष. त्या उभ्या अक्षावरून तीन सूत खाली आणि मग पाच इंच एक सूत डावीकडे आलात की पकडीचा मध्य. सगळ्या रेघा वक्र पृष्ठभागावर, त्यामुळे साधी पट्टी चालत नाही. गोलाईत बसणारी पाव परिघाची पट्टी मी पातळ अ‍ॅक्रिलिक गरम करून बॉलवरच वाकवून केली. लिहायला मेणाची पेन्सिल.

खूण पुरी झाल्यावर पाहिलं: गुरुत्वमध्य पकडीच्या मध्यापासून जवळपास दोन इंच उजवीकडे आणि एक इंच वर. इथे काटा आला. वरचं वजन पावणेतीन औंस, गुरुत्वमध्य दोन इंच सरकला तर कोन साधारण २६ अंश, त्याचा साइन ०.४४. पावणेतीन गुणिले ०.४४ म्हणजे १.२ औंस उजवीकडे. बोटांकडे त्याच हिशोबाने दोन-तृतीयांश औंस.

जुन्या नियमात १.२ म्हणजे पासंगाचं भोक आलंच. ते टाळायचं तर पहिला कोन ७० करायचा, गुरुत्वमध्य पकडीच्या एक इंचाच्या आत येतो आणि उजवीकडचं वजन अर्ध्या औंसाच्या जरा वर राहतं. दुकानात वर्षानुवर्षं हेच चालायचं: हवा तो लेआउट, की वजन बसेल तो लेआउट? सममित गाभ्यात या पहिल्या कोनाने बॉलच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही, मग मी ७० का नाही घेतला? प्रामाणिक उत्तर: नवा नियम वापरून बघायची हौस.

१८ जुलै

बोटं. इन्सर्ट, म्हणजे बोटांच्या भोकांत बसणाऱ्या मऊ नळ्या, बसवायचे म्हणून बिट ३१/३२ इंच, खोली दोन इंच. बिटखाली ट्रे ठेवला आणि चुरा गोळा करून वजन केला. मधलं बोट २९ ग्रॅम, अनामिका ३० ग्रॅम. हा उद्योग कराच. किती माल कुठून निघाला ते कळतं, आणि काट्याच्या आकड्याशी ताडून बघता येतं. स्टॉर्मच्या बॉलला सुगंध असतो, भोक पाडताना तो गॅरेजभर पसरला. शेजारचा कुत्रा दोनदा येऊन गेला.

अंगठा. १ १/४ इंची बिट, तीन इंच खोल, दोन सूत रिव्हर्स. बाण बघून, मोठ्याने वाचून. चुरा ७३ ग्रॅम. त्यात भरीव स्लग चिकटवला. स्लग म्हणजे मऊसर प्लास्टिकचा दट्ट्या. त्याच्या आत मग आपल्या अंगठ्याच्या मापाचं भोक पाडतात.

आता नुसती गंमत म्हणून इन्सर्ट बोटांच्या भोकांत कोरडेच घालून पट्टी लावली.

मधल्या बोटाचा स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या भोकापासूनचं अंतर, सव्वाचार इंच हवा. आला चार इंच तीन सूत. अनामिकेचा चार इंच तीन सूत हवा. आला साडेचार.

दोन्हीकडे नेमकं एक सूत जास्त. मी पाच मिनिटं पट्टीकडे बघत होतो. स्पॅन मी भोकाच्या कडेपासून मोजला होता. पण बोट भोकाच्या कडेला टेकत नाही, इन्सर्टच्या आतल्या कडेला टेकतं. बाहेर ३१/३२, आत माझं माप २३/३२, म्हणजे भिंत बरोबर एक सूत. अंगठ्याकडची स्लगची भिंत धरली होती, बोटांकडची विसरलो. औंसाचा साइन काढला आणि इन्सर्टची भिंत विसरलो.

एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर. पंधरा पौंडी बॉल झोक्यात असताना तीन मिलिमीटर ताणलेला तळवा म्हणजे संध्याकाळभरात सुजलेला अंगठा. चालवून घ्यायची गोष्ट नाही.

स्लगमधलंच भोक एक सूत पुढे सरकवून भागेल का? नाही. सव्वा इंची स्लगमध्ये एक इंची भोक, भिंतच एका सुताची. सरकवलं तर पुढची भिंत शून्य.

जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणालो. बाबा असते तर काही बोलले नसते, चहा पाठवला असता.

२५ जुलै

ठरवलं: बोटांची दोन भोकं परत करण्यापेक्षा अंगठ्याचं एक. स्लग १ १/४ बिटने खाऊन काढला. भोक रेझिनने भरलं, तीन खेपांत, वजनाने मोजून. या वेळी पेला शाबूत.

अंगठा एक सूत पुढे आला की पकडीचा मध्य अर्धं सूत सरकतो. लेआउटला त्याने काही होत नाही, काट्यावर दिसेल इतकंही नाही. हे मात्र मी दोनदा हिशोब करून पाहिलं, कारण आता माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

आणखी एक छोटी चूक. रेझिन घासून गोलाईत आणताना मधली रेघ पुसली गेली. ही रेघ गेली तर अंगठा बोटांच्या समोर कुठे घ्यायचा ते कळणार नाही. सुदैवाने बॉलच्या मागच्या बाजूला त्याच रेघेच्या टोकावर मास्किंग टेपचा तुकडा होता, तोही योगायोगाने. बोटांच्या मध्यापासून त्या तुकड्यापर्यंत परिघावरून पट्टी नेऊन रेघ परत काढली. पुढच्या वेळी रेघेची दोन्ही टोकं टेपवर, भोकांपासून लांब.

१ ऑगस्ट, शनिवार

नवा नियम आजपासून. आजच अंगठा परत पाडला, मुद्दाम नाही, शनिवार आला म्हणून. पुन्हा १ १/४, तीन इंच, दोन सूत रिव्हर्स. बहुतेक भोक जुन्या रेझिनमधून, एका कडेला थोडं बॉलच्या मालातून, आणि ५ जुलैसारखंच बिट एका बाजूला ओढत होतं. वेग आणखी कमी केला, पट्टे आणखी आवळले. नवा स्लग, आत एक इंची भोक, मग गोल कानशीने थोडं लंबगोल, कारण अंगठा गोल नसतो. कड पॉलिश पेपरने मारली.

स्पॅन: सव्वाचार, चार इंच तीन सूत. इन्सर्ट चिकटवून मोजलेला.

डोडोवर: वरचं वजन पाव औंस, उजवीकडे १ १/८, बोटांकडे अर्धा. कागदावर उजवीकडे १.२ होतं. वरचं वजन पावणेतीनवरून पाववर आलं, म्हणजे अडीच औंस गेलं. बोटांचा चुरा वजा इन्सर्ट आणि अंगठ्याचा चुरा वजा स्लगची भिंत धरली तर तीन औंसांच्या आसपास माल कमी झाला, पण बोटं आणि अंगठा मध्यापासून दोन-दोन इंच बाजूला आहेत, तेवढा परिणाम कमी. पटलं.

तिन्ही आकडे तीनच्या कितीतरी आत. खरं सांगायचं तर नेहमीच्या बॉलला, नेहमीच्या तीन भोकांनी, नवी मर्यादा ओलांडायची तर मुद्दाम प्रयत्न करावा लागेल. ज्या वजनाच्या धास्तीने मी काटा उसना आणला, ते पहिल्या खेपेलाच बसलं होतं. नडली ती इन्सर्टची भिंत.

८ ऑगस्ट

पृष्ठभाग २००० नंबरच्या घासायच्या अ‍ॅब्रालॉन पॅडने केला, पाणी मारत, चारही बाजूंनी सारखा वेळ. काटा परत दिला, सोबत चकल्यांचा डबा. दुकानदाराने बॉल हातात घेतला, अंगठा घातला, आत बोट फिरवलं. "कड अजून गोल कर," एवढंच म्हणाला. घरी येऊन केली. खरंच बोचत होती.

खर्च, बॉलची किंमत सोडून, डॉलरमध्ये: दोन बिट वापरलेले ६०, स्लग तीन १८, इन्सर्ट दोन जोड्या १०, रेझिन दोन संच ७०, प्लायवुड २२, पट्टे १४, पॉलिश पेपर आणि पॅड २५, अ‍ॅसिटोन ९, बायकोचा काटा १२. एकूण २४०. बूट धरले नाहीत. दुकानात नवा ड्रिल करायला ९० आणि जुन्याचं भोक बुजवायला ४५ घेतले असते, म्हणजे १३५. १०५ डॉलर आणि चाळीसेक तास वर गेले. एका बॉलसाठी हे करू नका. दुकान उघडं असेल तर तिथे जा.

मित्राचा मुलगा दोन हातांनी टाकतो, अंगठा न घालता. त्याच्या बॉलला अंगठ्याचं भोक आहे, ते तसंच ठेवलंय. त्याला सांगितलं की आता पकडीसाठी पाडलेलं प्रत्येक भोक टाकताना वापरावं लागतं. न वापरलेलं भोक पासंगाचंच धरलं जाईल. त्याला पटेना, "मी ते पाडलंच नाही, बॉल घेतला तेव्हापासून होतं." भोक कुणी पाडलं ते काटा विचारत नाही. गणपती झाले की त्याचं बुजवून देईन.

१२ सप्टेंबर, शनिवार

या आठवड्यात अ‍ॅली लीगसाठी उघडली. एक लेन सोडून एक, मास्क लावून. सरावाला तीन गेम.

जुना बॉल: तेलाच्या रेघा आता एकमेकींजवळ आल्यात. चौथं भोक अक्षबिंदूच्या जरा पलीकडे होतं, ते असताना रेघांमध्ये जास्त अंतर असायचं. बॉल उशिरा आणि कमी वळतोय. मला लेनच्या दोन फळ्या उजवीकडे सरकावं लागलं.

नवा: पहिल्या गेमला अंगठा घट्ट, १३८. दुसऱ्याला हात गरम झाला, १७१. तिसऱ्याला अंगठा सुटायला लागला, कारण खेळताना त्याचं माप बदलतं हे माझ्या कानशीला माहीत नव्हतं. भोकाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या टेपचा एक तुकडा लावला. १८४. तळवा ताणला नाही, अंगठ्याला सूज नाही.

पहिली रेघ ताजी असतानाच मोजली. अक्षबिंदू पाच इंच, जेमतेम तीन सूत वर. कार्डापेक्षा एक सूत कमी.

मित्राच्या मुलाचा बॉल गाडीच्या डिकीत आहे. रेझिन अर्धा डबा उरलंय.